गोल्टी, हुलगे आणि गव्हाचा चीक

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात सकाळी भाव चालतो आणि दिवेलागणीला वाटा. लांबून आलेल्या शेतकऱ्याला उरलेला माल परत न्यायचा नसतो, म्हणून तराजू बाजूला ठेवून तो पोत्यावर ढीग लावतो. त्या ढिगांत काय असतं ते पाहिलं, की नाशिकच्या जुन्या स्वयंपाकघरांचा निम्मा हिशेब कळतो. लिंबाएवढे गोल्टी कांदे, वाकडीतिकडी वांगी, माना टाकलेली मेथी, आणि फेब्रुवारी-मार्चात घडावरून सुटलेले द्राक्षांचे मणी. लासलगावच्या कांद्याला आणि नाशिकच्या द्राक्षाला भौगोलिक मानांकन आहे, पण तो निवडक माल पहिल्यापासून बाहेरगावी जातो. गावात राहतो तो प्रतवारीत मागे पडलेला. त्या मागे पडलेल्या मालावर इथली मुलं वाढली आणि चांगली वाढली.

या खाण्याबद्दल बोलताना ‘साधं’, ‘गरिबीतलं’ असे शब्द सहज तोंडात येतात. सामान साधं होतं हे खरं. कृती मात्र बिलकूल साधी नव्हती. हुलगा (कुळीथ), बाजरी, अख्खा गहू, शिळी पोळी या हट्टी वस्तू आहेत. त्यांच्यावर पैसा खर्च करायचा नसेल तर वेळ खर्च करावा लागतो. भिजवा, आंबवा, मुरवा, वाळवा, मंद आचेवर वाट पाहा. आज कुणी हौसेनं शेंगोळे, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, करायला घेतं, ‘तशी चव नाही आली’ म्हणतं, आणि पुढच्या खेपेला त्यात बटर आणि जास्तीचा गरम मसाला घालतं. माझं ठाम मत आहे की सामान बहुतेक वेळा ठीकच असतं, एखादी पायरी अर्ध्या वेळात उरकलेली असते. ती पायरी प्रत्येक पदार्थात वेगळी, आणि लिहून ठेवायला हवी ती तीच.

मिसळीबद्दल इथे लिहीत नाही. मिसळ खायला आता गावोगावहून माणसं येतात, तिची काळजी घेणारे पुष्कळ आहेत.

आधी कांदा. बाजार समितीत कांद्याची प्रतवारी होते. मोठा, मध्यम, गोल्टी, आणि सर्वांत शेवटी खाद, म्हणजे मार लागलेला किंवा सडू लागलेला. खाद कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये, एक सडका कांदा शेजारचे चार नासवतो. गोल्टी मात्र आकारानं लहान एवढंच, बाकी तिच्यात काही कमी नाही. घेताना मोसम पाहावा. लाल कांदा पाणीदार, फार दिवस टिकत नाही. मार्च-एप्रिलात निघणारा उन्हाळ कांदा नीट सुकवून हवेशीर कांदाचाळीत ठेवला तर चार-सहा महिने राहतो. घरात त्याच्यासाठी जाळीची पिशवी आणि बटाट्यांपासून लांबची कोरडी जागा पुरे.

गोल्टीची खरी अडचण सोलण्याची. न कापता कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवली, की साल शेंड्याकडून ओढताच सुटते. आणि भाजायचीच असेल तर सोलूच नये. आठ-दहा गोल्टी सालीसकट जाळीवर ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं फिरवत राहायचं, बाहेरचे दोन पापुद्रे कोळसा होईपर्यंत. आच मोठी केली तर साल जळते आणि गाभा कच्चा राहतो, मग चटणीला तोच उग्रपणा येतो ज्यासाठी लोक वरून साखर घालतात. मंद आचेवर कांद्याची स्वतःची गोडी वर येते, साखर लागतच नाही. भाजून झाल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवायचे आणि काळी साल हातानं काढायची. नळाखाली धरले की धुराचा वास पाण्याबरोबर गेला. खलबत्त्यात आधी पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, चार भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि मीठ कुटून घ्यायचं, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा दोन चमचे भाजलेली खुरासणी (कारळे), आणि कांदा सर्वांत शेवटी, नुसता ठेचायचा. वरून चमचाभर कच्चं शेंगदाण्याचं तेल. मिक्सरमध्ये फिरवली की पाणी सुटून तिचा लगदा होतो. ही चटणी ताजीच खायची, भाजलेला कांदा दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो.

हाच भाजलेला कांदा रश्श्याच्या वाटणात जातो. सुक्या खोबऱ्याला हात आखडता घ्यावा लागे तेव्हा रस्सा दाट करायला भाजलेल्या दाण्यांचं कूट असे, आणि तेही नसेल तर बाजरीचं पीठ. चार वाट्या रश्श्याला एक मोठा चमचा पीठ कोरडंच खमंग भाजून, थंड पाण्यात कालवून, उकळी आल्यावर ओतायचं. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. काळा मसाला तेलात घालताना गॅस बंद करावा किंवा मसाल्याबरोबर चमचाभर पाणी टाकावं. तो आधीच भाजलेला असतो, कढत तेलात दोन सेकंदांत करपतो आणि सगळा रस्सा कडवट होतो. रस्सा कडू झाला की दोष मसाल्याला देतात, चूक या दोन सेकंदांची असते.

शिळ्या पोळीचा कुस्करा जवळजवळ प्रत्येक घरात होई आणि प्रत्येक घरात त्याला आपलं नाव असे. कुठे फोडणीची पोळी, कुठे माणिकपैंजण, कुठे मनोहरा. तो चांगला होतो तो पोळी खरोखर शिळी असेल तरच. रात्रभरात पोळीतला स्टार्च घट्ट होतो, त्यामुळे फोडणीतली वाफ लागून तुकडे मऊ होतात पण चिकटत नाहीत. दुपारच्या ताज्या पोळ्यांचा संध्याकाळी कुस्करा केला तर त्याचा गोळा होतो. चार पोळ्यांना दीड मोठा चमचा तेल, मोहरी, हिंग, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर दाणे, आणि कांदा चांगला दोन मोठ्यांएवढा. पोळी हातानं तोडायची, तुकडे लहान-मोठे राहिले पाहिजेत. मिक्सरमधून काढलेला भुगा तेल पिऊन कोरडाच राहतो. मीठ फक्त कांद्याच्या मानानं घालायचं, पोळीत ते आधीच आहे, आणि बहुतेक कुस्करे खारट होतात ते याच कारणानं. शेवटी तीन मोठे चमचे आंबट ताक हातानं शिंपडायचं, ओतायचं नाही, आणि घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं. खाली थोडी खरपूड धरली पाहिजे. ती खरवडून सगळ्यांच्या ताटात सारखी वाटावी लागते, नाहीतर भांडणं होतात.

शिळ्या भाकरीचं गणित याहून सोपं. भाकरी कुस्करून ताकात अर्धा तास भिजू द्यायची, वर कच्चा कांदा, मीठ, आणि हवी तर लसणीची फोडणी. उन्हाळ्यात सिन्नर-येवल्याकडे शेतात जाताना हेच खाल्लं जाई. यात बिघडण्यासारखं काही नाही.

आता शेंगोळे. हुलगे, ज्यांना कोकणात कुळीथ म्हणतात, ते हलक्या जमिनीत आणि कमी पाण्यात येतात, म्हणून जिथे दुसरं कडधान्य साधत नाही तिथे हुलगे असत. त्यांत सुमारे २२ टक्के प्रथिनं आहेत. ज्या घरात तूरडाळ मोजून शिजायची त्या घरात आठवड्यातून एकदा शेंगोळे होत, आणि त्या रात्री भाजी, आमटी, भाकरी वेगळी करावी लागत नसे. एकाच पातेल्यात जेवण.

पिठापासून सुरुवात करायला हवी, कारण निम्मे शेंगोळे तिथेच फसतात. विकतचं हुलग्याचं पीठ बहुतेकदा कच्च्या हुलग्याचं असतं आणि पडून राहिलेलं असतं. हुलगे निवडून, कोरड्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं, म्हणजे कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत, पूर्ण गार करून मगच गिरणीत द्यावेत. निवडताना आळस करू नये. हुलग्यात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे असतात, ते नुसत्या नजरेला दिसत नाहीत. पाण्यात रोळून घेतले की खडे तळाला बसतात, मग हुलगे उन्हात वाळवून भाजायचे.

चार जणांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं. गव्हाचं पीठ चवीसाठी नाही. हुलग्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, नुसत्या त्याच्या वळ्या शिजताना तुटतात. त्यात आठ-दहा लसणीच्या पाकळ्या, चमचाभर जिरं आणि दोन हिरव्या मिरच्या यांचं जाडसर वाटण, हळद, पाव चमचा ओवा, मीठ, चमचाभर तेल. कोमट पाण्यानं मळायचं, आणि घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेहून थोडं जास्तच. पाणी एकदम घालू नये, पीठ आधी कोरडं वाटतं आणि दोन मिनिटांत सैल पडतं. मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ पाणी पिऊन एकजीव होतं. ही पंधरा मिनिटं कुणी देत नाही, आणि वळताना चिरा पडल्या की आणखी पाणी घालतात. मग तेच शेंगोळे पाण्यात विरघळतात.

हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा घ्यायचा, दोन तळहातांत किंवा पोळपाटावर वळून करंगळीपेक्षा बारीक वळी करायची आणि टोकं जोडून कडं करायचं. काही घरांत जिलबीसारखं वेटोळं करतात. आकार कोणताही चालेल, जाडी एकसारखी हवी. जाड वळी बाहेरून शिजून आत पिठूळ राहते, आणि तशीच खाल्ली तर पोट धरून बसावं लागतं. शेवटचा एक गोळा वळायचा नाही, बाजूला ठेवायचा.

पातेल्यात दोन चमचे तेलाची लसूण-जिऱ्याची फोडणी, तिखट किंवा काळा मसाला, आणि सहा वाट्या पाणी. पाणी खळाखळा उकळलं पाहिजे. शेंगोळे चार-पाच करून सोडायचे, पुन्हा उकळी येऊ द्यायची, मग पुढचे. सगळे एकदम टाकले की पाण्याचा कढ मोडतो आणि वरचं पीठ सुटून पेज होते. पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. वरचा थर शिजून घट्ट झाला की शेंगोळे आपोआप सुटे होतात. मग आच मध्यम करून वीस ते पंचवीस मिनिटं. एक मोडून पाहावा. मधोमध पांढरट टिपका दिसला तर अजून कच्चा. रंग आतबाहेर एक झाला की शिजला. बाजूला ठेवलेला गोळा आता अर्धी वाटी पाण्यात कालवून ओतायचा, रस्सा दाटतो. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायचे. रस्सा आणखी आटणार आहे, तेव्हा उतरवताना तो पातळच दिसला पाहिजे. वाढताना वर कच्चं तेल आणि शेजारी गोल्टी ठेचून. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले शेंगोळे थोडं पाणी घालून तव्यावर परतले तर आदल्या रात्रीपेक्षा चांगले लागतात, कारण तोवर लसूण आतपर्यंत मुरलेली असते.

नाशिक जिल्ह्याचं खाणं पश्चिमेला आणि पूर्वेला सारखं नाही, हेही सांगायला हवं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे पाऊस भरपूर, तिथे भात, नागली म्हणजे नाचणी, वरई. निफाडपासून येवला-चांदवडपर्यंत बाजरी. मालेगाव-सटाण्याकडे खानदेशाची चव सुरू होते. शहरातल्या जुन्या वाड्यांत आणि गिरणीच्या रांगेत हे सगळे एकत्र येत, म्हणून एकाच आळीत नागलीचे पापडही वाळत आणि बाजरीच्या खारोड्याही. नागली तेव्हा स्वस्त होती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, नागली पाकिटात आली, चांगलंच झालं. पण तिचा भाव पाहता ती आता या लेखात बसत नाही.

बाजरी बसते. बाजरीचं पीठ फार टिकत नाही हे ज्यांच्या घरात ती रोज असते त्यांना ठाऊक असतं. तिच्यात तेलाचा अंश सुमारे ५ टक्के, म्हणून दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होऊ लागतं. भाकरी कडू लागते, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. विरी गेली असेल तर उकळतं पाणी घालून मळण्याचा उपाय चालतो, कडूपणा आला असेल तर काहीच चालत नाही. तेव्हा दळण लहान आणावं, किलो-दीड किलोचं, किंवा पीठ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावं.

खारोडी हा याच अडचणीवरचा उन्हाळी तोडगा. बाजरी पाण्याचा हात लावून ओलसर करायची, तासाभरानं कांडून वरचा कोंडा पाखडून टाकायचा, सावलीत सुकवून जाडा भरडा काढायचा. गिरणीत सांगताना ‘लापशीसारखा’ म्हणावं, पीठ झालं तर खारोडी दगडासारखी होते. चार वाट्या भरड्याला साधारण दहा वाट्या पाणी. पाण्याला उकळी आली की वाटलेली लसूण, जिरं, लाल तिखट, मूठभर तीळ आणि मीठ. मीठ-तिखट पाण्यात चाखून थोडं कमीच ठेवायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मग भरडा वरून सोडत ढवळायचा, आणि आच बारीक करून अर्धा तास तरी शिजू द्यायचा. इथे घाई केली तर वाळलेली खारोडी हातात घेताच भुरभुर सुटते. चांगला शिजलेला भरडा बोटांना चिकटतो पण बोटं ओली केली की सुटतो. तो कोमट असतानाच ओल्या कापडावर बोराएवढे तुकडे तोडत जायचे. थंड झाला की तुकडे तुटत नाहीत. तीन-चार कडक उन्हं लागतात. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की खारोड्या सहज सुटतात, मग त्या ताटात वाळवायच्या. शिजल्यामुळे पीठ कडवट करणारी क्रिया थांबते आणि वाळल्यामुळे बुरशी धरत नाही, त्यामुळे त्या वर्षभर राहतात. तळायची गरज नाही. मूठभर खारोड्या, मूठभर भाजलेले शेंगदाणे, एक गोल्टी फोडून. शाळेच्या मधल्या सुट्टीला यापेक्षा चांगला खाऊ अजून निघालेला नाही.

बाकीच्या खाऊबद्दल थोडक्यात. भाजलेले चिंचोके, मीठ लावलेल्या चिंचा, बोरं यांना कृती लागत नाही. सातूचं पीठ घरी करावं. एक किलो गव्हाला अर्धा किलो फुटाण्याची डाळ, दोन चमचे जिरं, सुंठ-वेलची. गहू ओलवून, कांडून, पुन्हा सुकवून भाजलेला हवा, नाहीतर कोंडा घशात अडकतो. गूळ आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मग पीठ कालवायचं. गुडीशेव, जी पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत आणि चैत्रात वणीला सप्तशृंगीच्या यात्रेत मिळे, ती घरी करताना सगळं गुळाच्या पाकावर असतं. दोन वाट्या बेसनाच्या जाड शेवेला एक वाटी गूळ. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळली, आणि ती ताटलीवर टाकल्यावर हलकासा आवाज आला, की लगेच शेव घालून गॅस बंद. आवाज यायच्या आधी घातली तर शेव हाताला चिकटते, उशीर केला तर दात दुखतात.

द्राक्षाच्या मण्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते अजूनही स्वस्त मिळतात आणि अजूनही वाया जातात. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची द्राक्षं काढणीला आली की घड हाताळताना मणी सुटतात. चवीला ते घडाइतकेच चांगले, पण देठाशी उघडे पडल्यामुळे टिकत नाहीत. त्याच दिवशी हाताळले तर त्यांचे मनुके होतात. चार किलो मण्यांचे साधारण एक किलो. आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवायचे, फुटलेले आणि मऊ पडलेले काढून टाकायचे. फुटलेला एक मणी आंबतो आणि माश्या बोलावतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, मणी चाळणीत घेऊन अर्धा ते एक मिनिट बुडवायचे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो निघून सालीला बारीक भेगा पडल्याशिवाय आतलं पाणी बाहेर येत नाही. बेदाण्याच्या शेडवर हेच काम पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात करतात. जास्त वेळ ठेवले तर मणी शिजतात आणि वाळताना ताटाला चिकटतात. निथळून पातळ कापडावर एकेरी थर पसरायचा. उन्हात मनुका तपकिरी होतो, हवेशीर सावलीत हिरवट राहतो पण दिवस दुप्पट लागतात. रात्री आत घ्यायचे. दोन बोटांत दाबल्यावर रस येत नाही आणि मूठ उघडल्यावर मनुके सुटे होतात, तेव्हा झाले. डब्यात भरण्याआधी काही दिवस मोठ्या बरणीत ठेवून रोज एकदा हलवावेत, म्हणजे कमीजास्त ओल सारखी होते.

आणि मग एप्रिल-मे, गच्च्यांवर साड्या अंथरलेल्या, आणि गव्हाचा चीक, म्हणजे भिजवलेला गहू वाटून-गाळून काढलेलं सत्त्व. कुरडया हा पदार्थ मोठ्या माणसांचा, चीक मुलांचा. कुरडया घालायच्या दिवशी पातेल्याभोवती वाट्या घेऊन उभं राहायचं, हा मुलांचा हक्कच होता. चिकाला पैसे लागतात ते फक्त गव्हाचे. वेळ मात्र पाच दिवसांचा लागतो.

लोकवन गहू चांगला. निवडून, धुवून, भरपूर पाण्यात तीन दिवस भिजत घालायचा आणि पाणी रोज बदलायचं. पाणी बदललं नाही तर आंबूसपणाच्या जागी दुर्गंधी येते, चीक लालसर होतो, आणि कुरडईला तो वास वर्षभर राहतो. फार उकाडा असेल तर दिवसातून दोनदा बदलावं. थोडा आंबूस वास हवाच, तो आला नाही तर कुरडई सपक लागते. चौथ्या दिवशी गहू दोन बोटांत दाबून पाहावा. सालीतून पांढरं दूध पिचकारीसारखं बाहेर आलं पाहिजे. नुसता चेपला तर अजून एक दिवस. लवकर वाटला तर निम्मा स्टार्च चोथ्यात अडकून राहतो, आणि ‘गहू चांगला नव्हता’ असं म्हटलं जातं.

वाटताना पाणी सढळ हातानं घालावं. मग पातळ कापडातून गाळून, चोथा पुन्हा पाण्यात कालवून, पिळून, पुन्हा गाळायचा, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. चोथा टाकायचा नाही. तिखट, मीठ, जिरं, तीळ घालून त्याच्या भुसवड्या घालायच्या. गाळलेलं दूध उंच भांड्यात, न हलवता रात्रभर. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, तो हळूहळू तळाला बसतो आणि वर पिवळट पाणी राहतं. सकाळी ते पाणी भांडं अलगद कलंडवून ओतून द्यायचं. तळाच्या चिकावर करडा थर दिसला तर तोही चमच्यानं काढायचा, नाहीतर कुरडया काळपट होतात.

चीक शिजवताना प्रमाण साधारण एकास एक. एक वाटी दाट चीक, एक वाटी पाणी. चीक पातळ असेल तर पाणी कमी. चीक आधी खालून वर नीट ढवळून सारखा करायचा, तो तळाशी सिमेंटसारखा बसलेला असतो. पाण्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल घालून खळखळून उकळी आणायची. एकानं बारीक धारेनं चीक ओतायचा, दुसऱ्यानं लाकडी लाटण्यानं न थांबता ढवळायचं. हे एकट्याचं काम नव्हे. उकळी मंद असताना ओतला तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. घट्ट होऊ लागला की आच बारीक करून झाकण, मध्ये मध्ये ढवळत दहा-बारा मिनिटं. पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा झाला पाहिजे. ओल्या बोटाला चिकटला नाही की झाला. ही वाफ अपुरी राहिली तर कुरडई वाळवताना मोडते आणि तळताना फुलत नाही. पूर्ण शिजलेल्या स्टार्चच्या जाळीत अडकलेली ओलच कढत तेलात एकदम वाफ होऊन तिला फुलवते. कुरडया घालायच्या असतील तर चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा, आणि पहिलं ऊन सकाळचं मिळेल असं पाहावं. संध्याकाळी घातलेल्या कुरडया रात्रीत आंबतात.

गच्ची नसेल, सोऱ्या नसेल, तरी चीक सोडू नये. अर्धा किलो गहू भिजवला तर चार जणांना खाण्यापुरता होतो, आणि मिक्सरमध्ये सहज वाटला जातो. गरम चीक ताटलीत घेऊन मध्ये खळगा करून त्यात कच्चं तेल आणि तिखट, किंवा दूध-साखर. दोन्ही पंथ कडवे आहेत, मला तेल-तिखटाचा पटतो. चीक गरम असतानाच खावा. निवला की खरवसासारखा घट्ट बसतो, मग तो पुन्हा गरम करायच्या भानगडीत पडू नये. वड्या कापून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परताव्यात, वर तीळ आणि चिमूटभर मीठ.